प्लास्टिकच्या स्वस्ताईचा हिशेब

मानेतील धमनीतून शस्त्रक्रियेने काढलेला मेदाचा थर इटलीतील वैद्यकांनी तपासला, तेव्हा २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिलीनचे सूक्ष्म कण आढळले. पुढील सुमारे ३४ महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मृत्यू यांचा धोका, ज्यांच्या धमनीत असे प्लास्टिक सापडले त्यांना इतरांच्या साडेचारपट होता. मार्च २०२४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांवरून प्लास्टिकमुळेच हृदयविकार होतो असे सिद्ध होत नाही, आणि संशोधकांनी तसा दावाही केलेला नाही. राहणीमानातील वा आहारातील दुसरेच एखादे कारण मुळाशी असू शकेल.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये पिण्याच्या पाण्यातील अशा कणांविषयीची माहिती तोकडी असल्याचे म्हटले होते. परंतु 'पुरावा अपुरा आहे' याचा अर्थ 'अपाय नाही' असा लावला जातो, तेथे शास्त्र संपते आणि व्यापार सुरू होतो. संशयाचा फायदा आरोपीला द्यावा हे न्यायालयात ठीक. येथे तो मालाला दिला जात आहे!

अपायाचा पुरावा अगदीच नाही, असेही नाही. नायलॉनचे बारीक तंतू कापडावर चिकटवणाऱ्या अमेरिकेतील कारखान्यांत १९९० च्या दशकात कामगारांना फुफ्फुसाचा विकार जडला, आणि त्या तंतूंच्या धुळीशी त्याचा संबंध आढळला. त्यांच्या श्वासात गेलेली धूळ सामान्य माणसाच्या वाट्याला येणाऱ्या कणांहून कितीतरी अधिक होती, हे खरे. पण भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर कृत्रिम धागा विणणाऱ्यांच्या फुफ्फुसांची नियमित तपासणी कोणी करावयाची?

भाजीबरोबर 'फुकट' मिळणाऱ्या पिशवीच्या किमतीत कच्चा माल, मजुरी, वाहतूक आणि नफा हे सारे असते. तिचे तुकडे होऊन पाण्यात, अन्नात मिसळल्यावर होणाऱ्या संभाव्य हानीची तरतूद मात्र त्यात नसते. २०१८ च्या महाराष्ट्रातील बंदीत दंडाची पावती बहुधा फाडली जाते ती विक्रेत्याच्या नावे. काचेची बाटली वापरा, सुती कपडे घाला, हा उपदेशही ज्यांना परवडतो त्यांच्यापुरताच. प्लास्टिकचे उत्पादनच मर्यादित करण्याचा प्रश्न जिनिव्हात ऑगस्ट २०२५ मध्ये चर्चेला आला, तेव्हा तेलउत्पादक राष्ट्रांनी विरोध केला आणि वाटाघाटी कराराविना संपल्या. नव्या कच्च्या प्लास्टिकवर कारखान्याच्या दारातच उपकर बसवून त्यातून यंत्रमाग कामगार व कचरावेचक यांची आरोग्यतपासणी सुरू करण्यास मात्र कोणत्याही जागतिक कराराची वाट पाहावी लागत नाही.