संगणक हँग होतो? आधी टिपण, मग दुरुस्ती



संगणक चांगला चालता चालता मधेच थांबतो. पडद्यावरचा बाण हलत नाही, कळ दाबली तर अक्षर उमटत नाही. बंद करून पुन्हा चालू केला की जसा काही झालेच नाही. मग दोन तासांनी, नाहीतर दोन दिवसांनी पुन्हा तेच. ही तक्रार तुमच्याही घरी असेल. मुलाच्या शिक्षणासाठी कधीकाळी घेतलेला, नाहीतर शहरातून जुना आणलेला संगणक, त्यात विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ ही जुनी प्रणाली. आणि त्यातच दुधाचा हिशेब, सातबाऱ्याच्या प्रती, पोरीच्या लग्नाचे फोटो.

आपला नंदुरबार जिल्हा या यंत्राला नवखा नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पहिला मान रंजना सोनवणे यांना मिळाला. तेव्हापासून घरातले किती कागद संगणकात गेले याची मोजदाद नाही. म्हणून तो हँग झाला की नुसते यंत्र थांबत नाही, घरचे काम अडते.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो, "फॉरमॅट मारून टाका." मंडळी, इथे जरा थांबा. फॉरमॅट केले की त्या भागावरचे सगळे पुसले जाते. डेस्कटॉपवर ठेवलेले फोटो आणि हिशेब बहुधा त्याच भागावर असतात. एवढे करून दोष धुळीचा किंवा विजेचा असेल, तर चार दिवसांनी संगणक पुन्हा हँग होणारच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

म्हणून पहिले काम, महत्त्वाचे सारे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. दुसरे काम, एक वही करा. हँग झाला की तारीख, वेळ, किती वेळ चालू होता, कोणते काम चालले होते आणि वीज कशी होती, एवढ्या पाच गोष्टी लिहा. आठ-दहा नोंदी झाल्या की आजार स्वतःच बोलू लागतो.

वहीने काय साधते, याचे एक जुने उदाहरण पाहा. विंडोज ९५ आणि ९८ या प्रणाल्यांत एक दोष होता. संगणक सुरू झाल्यापासूनचा वेळ त्या सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजत. मोजणीचा खाना सुमारे ४२९ कोटींना भरे. म्हणजे ४९ दिवस आणि १७ तास. मोटारसायकलच्या मीटरचे आकडे भरून पुन्हा शून्यावर यावेत तसे होई आणि संगणक हँग होई. वापरणाऱ्याला वाटे, हा कधीही थांबतो. पण त्याची वेळ ठरलेली होती. तुमच्या संगणकाचा दोष निराळा असेल, पण त्यालाही काही वेळ, काही निमित्त असतेच.

आता हँग झाल्याबरोबर काय पाहावे? कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबा. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र अजून जागे आहे. बहुधा एखादा प्रोग्रॅम अडकलेला असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा आणि अडकलेला प्रोग्रॅम बंद करा. दिवा हलतच नसेल, तर बहुधा सारे यंत्रच थिजले आहे. मग वही उघडा.

अर्ध्या-एक तासाने, दुपारच्या उन्हात हँग होतो, पहाटे मात्र नीट चालतो, अशी नोंद असेल तर उष्णतेवर संशय घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालची खोली भट्टी होते. त्यात धूळ आणि मिरचीच्या हंगामातला बारीक भुसा पंख्यात बसला की आतला गरम वारा बाहेर जात नाही. वायर काढा, डबा उघडा, मऊ ब्रशने धूळ झाडा. झाडताना पंखा बोटाने धरून ठेवा. डबा भिंतीला किंवा गोणीला चिकटवून ठेवू नका.

शेजारच्या विहिरीवर मोटार सुरू झाली की हँग होतो, अशी नोंद असेल तर दोष विजेचा. चांगला यू.पी.एस. लावा, अर्थिंग तपासून घ्या. संगणकातला वीज देणारा डबा, ज्याला एस.एम.पी.एस. म्हणतात, तोही जुना होऊन थकतो. तो डबा मात्र घरी कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठलेली असते.

वेळेचा मेळच लागत नाही, कधी निळा पडदा येतो, कधी नुसता थांबतो, असे असेल तर रॅमची पट्टी पाहा. वायर काढून, आधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावून पट्टी काढावी. तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसून पुन्हा घट्ट बसवावी. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून चालवून पाहा. मदरबोर्डवरचे नळकांड्यासारखे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, तर ते काम कारागिराचे.

फाइल उघडताना किंवा जतन करताना अडतो, हार्ड डिस्कचा दिवा एकसारखा जळतो, आतून टकटक ऐकू येते, तर डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे असे समजा. तपासणी, दुरुस्ती सगळे नंतर. आधी सामान बाहेर काढा.

आणि एखादा नवीन प्रोग्रॅम टाकल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर तो काढून पाहा. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. एका गाडीवर दोन गाडीवान बसले तर बैलांनी कोणाचे ऐकावे? विंडोज ७ मध्ये स्टार्टच्या शोधखान्यात रिलायबिलिटी हा शब्द इंग्रजीत टाका. कोणत्या दिवशी काय बिघडले याची संगणकाने स्वतः ठेवलेली नोंद दिसते. ती तुमच्या वहीशी ताडून पाहा.

एक नियम पाळा. एका वेळी एकच बदल करा आणि दोन-चार दिवस वाट पाहा. खत, पाणी आणि फवारणी एकाच दिवशी केली तर पीक कशाने सुधारले ते कळत नाही. तसेच हे आहे.

शेवटी एक सावधगिरी. विंडोज एक्सपीला कंपनीने ८ एप्रिल २०१४ पासून आणि विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेची दुरुस्ती देणे बंद केले. असा संगणक हँग होणे थांबले, तरी त्यावर बँकेचे व्यवहार करू नका. हिशेब लिहायला, पत्र टाइप करायला, मुलांना हात बसवायला तो अजून कामाचा आहे.

बैल बसला म्हणून आपण त्याला लगेच बाजार दाखवत नाही. आधी खूर पाहतो, चारा पाहतो, खांदा पाहतो. संगणकालाही तेवढी संधी द्या. आणि कारागिराकडे न्यायची वेळ आलीच, तर सोबत वहीही न्या. नेमके काय होते ते सांगणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात नको असलेली दुरुस्ती सहसा पडत नाही.