कुत्र्यांच्या निवाऱ्याला द्यायचं, पण नेमकं काय? अमरावती-अकोल्यात हा प्रश्न आता मोठा का झाला

वऱ्हाडात गोरक्षणाला काय न्यायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही. हिरवा चारा, कडबा, कुटार, सरकीची ढेप, सणावाराला गूळ. अकोल्यात तर एका मोठ्या रस्त्याचं नावच गोरक्षण रोड आहे. कुत्र्यांच्या बाबतीत अशी रीत बसलेली नाही. शेवटची पोळी कुत्र्याला, एवढंच आपल्याकडे ठरलेलं. ती पोळी दारातल्या एका कुत्र्यापुरती असते. एकाच आवारात शंभर कुत्री असतील तर तिथे काय न्यायचं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. म्हणून लग्नातला उरलेला भात, बिस्किटांचे पुडे आणि जुने कपडे तिथे पोहोचतात. यातलं बरंचसं कामाला येत नाही.

हा प्रश्न आता मोठा होण्यामागे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आहेत.

न्यायालयाने काय सांगितलं?

११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला. नसबंदी, लसीकरण आणि जंतनाशक देऊन कुत्र्यांना मूळ जागी सोडा. रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नका. रस्त्यावर कुठेही खायला घालू नका. त्यासाठी महापालिकांनी प्रत्येक प्रभागात जागा ठरवून द्याव्यात. हे प्रकरण तेव्हा दिल्लीपुरतं न राहता सगळ्या राज्यांपर्यंत पोहोचलं.

७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश त्याहून पुढचा होता. शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवायची, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायची आणि पुन्हा त्याच जागी सोडायची नाहीत.

अमरावतीत याचा अर्थ इर्विन रुग्णालय, बसस्थानक, बडनेरा स्टेशन. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय, जुनं-नवं बसस्थानक, जंक्शन. दोन्ही शहरांत विद्यापीठांची विस्तीर्ण आवारं आहेत, ती वेगळीच.

खरा फरक इथे आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी केंद्रात आलेलं कुत्रं शस्त्रक्रियेनंतर काही दिवस राहतं आणि आपल्या गल्लीत परत जातं. तिथे त्याला कुणी ना कुणी भाकरीचा तुकडा टाकतो. नोव्हेंबरच्या आदेशाखाली उचललेल्या कुत्र्याला गल्ली उरत नाही. ते दहा वर्षं जगलं तर दहा वर्षं त्याचं पोट कुणीतरी भरायचं आहे. वाढदिवसाला एक पोतं नेऊन देणाऱ्या दात्याला हे गणित सहसा दिसत नाही.

एक पोतं किती पुरतं?

आपल्याकडचं मध्यम आकाराचं, १५ किलोच्या आसपासचं कुत्रं दिवसाला साधारण २०० ते २५० ग्रॅम कोरडं खाद्य खातं. शंभर कुत्री म्हणजे २० ते २५ किलो. म्हणजे २० किलोचं पोतं दिवसभरातच संपतं आणि महिन्याला ३० हून अधिक पोती लागतात. त्यातून पशुखाद्यावर जीएसटी नाही, पण पाकीटबंद विकल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या खाद्यावर तो १८ टक्के आहे. म्हणून बहुतेक निवारे स्वतः शिजवतात : तांदळाची कणी, सोयाबीन वडी, अंडी, चिकन सेंटरवरून आणलेले पाय आणि माना. दात्याने कणीचं कट्टं आणि अंड्यांचे ट्रे दिले तर तेवढ्याच पैशांत जास्त पोटं भरतात. त्यासाठी आधी फोन करून विचारावं लागतं. पोतं घेऊन जाऊन फोटो काढण्यापेक्षा हे कंटाळवाणं आहे, हे खरं.

पंगतीतलं उरलेलं अन्न ही वेगळी अडचण. वऱ्हाडात लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी शिजलेला भात संध्याकाळपर्यंत आंबतो. शिवाय भंडाऱ्यातली वांग्याची भाजी असो की तर्री, तिच्यात कांदा-लसूण असतोच. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्याला रक्तक्षय होऊ शकतो. गोड शिऱ्यातले मनुकेही त्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. शिजवलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होतात आणि ते आतड्यात रुततात. दुधाने अनेक मोठ्या कुत्र्यांना जुलाब होतात. बिस्किटांत साखर आणि मैदा, बाकी फार काही नाही. साधा भात आणि बिनफोडणीचं वरण मात्र त्याच दिवशी पोहोचलं तर चालतं.

खाण्यापलीकडचं सामान

निवाऱ्यातली कुत्री भुकेपेक्षा आजारानेच जास्त दगावण्याची भीती असते. गर्दीत पार्वो आणि डिस्टेंपर हे विषाणू वेगाने पसरतात. पार्वोचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर, कापडावर महिनोन्‌महिने टिकतो आणि नुसत्या साबणाने मरत नाही. त्याला ब्लीचिंगचं पाणी लागतं. त्यामुळे आजारी कुत्र्याखालची गोधडी धुऊन दान करणं हे चांगल्या मनाने केलेलं धोकादायक काम आहे. त्यापेक्षा ब्लीचिंग पावडर, रबरी हातमोजे, खराटे, स्टीलची भांडी उपयोगी पडतात. थंडीत अंथरायला कोरडा बारदाना पुरतो. तो बाजार समितीच्या आसपास सहज मिळतो आणि खराब झाला की जाळून टाकता येतो.

लसींचं तर आणखी अवघड. रेबीजची लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. मे महिन्यात दुकानातून घेऊन गाडीच्या डिकीतून नेलेली लस दिसायला तशीच असते, तिच्यातला जोर मात्र गेलेला असू शकतो. लसीचे पैसे थेट निवाऱ्याच्या डॉक्टरांकडे किंवा औषध दुकानात भरणं बरं. तिथे काम करणाऱ्या पोरांनाही चावा बसण्याआधीच रेबीजची लस द्यावी लागते. त्या खर्चाची आठवण दात्यांना क्वचित होते. आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर. अमरावती अप्पर वर्ध्यावर आणि अकोला काटेपूर्णेवर तहान भागवतं. शहराबाहेरच्या आवारात नळ असेलच असं नाही.

करसवलतीचा विचार करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ८०जी म्हणून ओळखली जाणारी वजावट फक्त पैशांच्या देणगीवर मिळते. पोती, औषधं, पिंजरे अशा वस्तूंवर ती नाही, २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तरी नाही आणि नव्या करप्रणालीत तर मुळीच नाही.

मग हे लोकांनीच का भरायचं?

देशी गायींच्या परिपोषणासाठी गोशाळांना दर गायीमागे रोज ५० रुपये देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला. कुत्र्यांच्या निवाऱ्यांना ती योजना लागू नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातली भटकी कुत्री सुमारे १२.७६ लाख मोजली गेली. त्यातली थोडी जरी कायमची बंदिस्त करायची म्हटली तरी तो खर्च वर्गणीतून निघणार नाही. आदेश प्रशासनाला आहे, त्यामुळे रोजच्या खाण्याची तरतूद महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिसायला हवी. देणगीवर हा रोजचा खर्च ढकलला गेला तर पहिले काही महिने उत्साहाचे जातील. पुढे दाते पांगतील आणि कुत्री मात्र आतच राहतील.

म्हणून देणाऱ्याने सामानासोबत चार प्रश्नही न्यावेत. आत किती कुत्री आहेत, किती आली, किती सोडली, किती मेली? २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी केंद्राला पकडलेल्या आणि सोडलेल्या कुत्र्यांच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. नीट चालणारा निवारा वही लगेच पुढे करतो. नुसतं सामान ठेवून घेऊन फाटकातूनच परत पाठवलं, तर पुढचं पोतं नेण्याआधी प्रभागाच्या नगरसेवकाला एक फोन करायला हरकत नाही.