‘काढून टाकले’ म्हणजे कोठे गेले?

सूक्ष्मशैवालांच्या साहाय्याने सांडपाण्यातील औषधांचे अवशेष दूर करण्यासंबंधी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. आम्ही साहित्याचे वाचक. आमचे लक्ष जाते ते त्या लेखनातील एका क्रियापदाकडे. अमुक शैवालाने तमुक औषध इतके टक्के ‘काढून टाकले’, असे त्यात असते. काढले, पण नेले कोठे?

प्रश्न शब्दच्छलाचा नाही. आपण घेतलेल्या गोळीचा काही भाग शरीरातून जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे अशा रेणूंसाठी बांधलेलीच नसतात. कारखान्यांची गोष्ट आणखी निराळी. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या केंद्रातून बाहेर पडलेल्या, म्हणजे ‘शुद्ध’ झालेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. ते औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते.

शैवालाची कल्पना मात्र खरोखर मोहक आहे. विल्यम ऑस्वाल्ड यांनी कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात उथळ तळ्यांची पद्धत विकसित केली. शैवाल उन्हात प्राणवायू सोडते, त्यावर जिवाणू घाण कुजवतात आणि त्यांचा कार्बन डायऑक्साइड पुन्हा शैवालाच्या कामी येतो. आपल्याकडे ऊन भरपूर; तेव्हा क्लोरेला, सेनेडेस्मस यांच्याकडून आशा बाळगण्यात गैर काही नाही. (बिचारे शेवाळ! आपल्या भाषेत ते पाय घसरण्यापुरतेच उरले आहे.)

परंतु औषधाचे ‘जाणे’ एकाच प्रकारचे नसते. डायक्लोफिनॅकचा मोठा भाग ऊनच मोडते. त्याचे श्रेय शैवालाच्या खात्यावर टाकणे योग्य नव्हे. काही रेणू पेशीभित्तीला नुसते चिकटतात, काही आत शिरतात, काहींचे विकरांमुळे तुकडे होतात. फेफऱ्यावरचे कार्बामाझेपिन तर बहुधा दाद देत नाही. चिकटलेले औषध पाण्यातून गेले, जगातून नव्हे. तेच शेवाळ खत म्हणून पसरले तर ते शेतात पोहोचेल. तुकडे मोजलेच नाहीत, तर कागदावर शून्य दिसते. म्हणून चिकटले, शिरले की मोडले, हे प्रत्येक आकड्याशेजारी लिहिलेच पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

आणि कर्ता? ‘पाणी दूषित होते’ या वाक्यात तो दिसत नाही. ‘शैवाल नदी वाचवील’ यात भलताच दिसतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या निर्देशात असे अवशेष काढणाऱ्या चौथ्या टप्प्याच्या शुद्धीकरणाचा किमान ८० टक्के खर्च औषधे व सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांवर टाकला. तेथे वाक्याला कर्ता आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या जानेवारी २०२० च्या मसुद्यात कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा होत्या. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या काढून टाकण्यात आल्या. कोणी आणि का, हे विचारण्यासाठी रसायनशास्त्र येण्याची गरज नाही.