सफाईचा दर कुठे आहे?

कारखान्याच्या उभारणीत पाइपिंगच्या ठेकेदाराचं बिल बहुधा 'इंच-डाया'वर निघतं. सहा इंची पाइपाचा एक जोड वेल्ड झाला की सहा इंच-डाया, दहा जोड झाले की साठ. महिनाअखेरीस जोड मोजले जातात, पैसे सुटतात. पाइपाच्या उघड्या तोंडाला टोपण लावलं म्हणून कुणाला रुपया मिळत नाही. फ्लशिंग, ब्लोइंग, आतली सफाई हे सगळं करारात दोन शब्दांत उरकलेलं असतं: 'दरात समाविष्ट'. कारखाना पहिल्यांदा सुरू होताना जे पंप अडकतात, व्हॉल्व्ह गळतात, टर्बाइनची पाती टवके उडून खराब होतात, त्यांतल्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ या दोन शब्दांत आहे.

नव्या पाइपात काय काय सापडतं? वेल्डिंग रॉडची थोटकं, स्लॅग, ग्राइंडिंगची पूड. पाइप तापवून घडवतानाच त्यावर बसलेली मिल स्केलची पापडी. हायड्रोटेस्टचं पाणी पूर्ण न काढल्यामुळे धरलेला गंज. शिवाय माणसांनी मागे ठेवलेलं सामान: चिंध्या, हातमोजे, नट, जोड जुळवताना ठोकलेली पाचर. आपल्याकडे तर यार्डात पडलेला पाइप एखादा पावसाळाही काढतो. तोंड उघडं असेल तर चिखल आत जातो आणि ऊन पडल्यावर कुंभारीण माशी त्यात घरटं बांधते. यातलं बरंचसं एका टोपणानं आणि जोड लावण्याआधी आत टाकलेल्या एका नजरेनं टळतं. पण टोपण लावणाऱ्याचा वेळ मोजमापाच्या वहीत कुठेच चढत नाही.

मग ही घाण शेवटी काढावी लागते आणि ते काम साधं नाही. पाण्याच्या लाइनीला जोरात फ्लशिंग पुरतं. तेलाच्या लाइनीतून गरम तेल दिवसेंदिवस फिरवावं लागतं, कारण बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या अंशात मोजली जाते. बॉयलरपासून टर्बाइनपर्यंतच्या लाइनीला स्टीम ब्लोइंग करतात. तात्पुरता पाइप जोडून वाफ बाहेर सोडायची, बॉयलर थंड होऊ द्यायचा, पुन्हा तापवायचा. या गरम-थंडीनं पापडी सुटते. ब्लोमधल्या वाफेचा रेटा प्रत्यक्ष चालू प्लांटमधल्या रेट्यापेक्षा जास्त असावा लागतो, नाहीतर आज न हललेला कण उद्या पूर्ण भारावर हलणार. शेवटी वाफेच्या वाटेत आरशासारखी घासलेली टार्गेट प्लेट धरायची आणि तिच्यावरचे खड्डे मोजायचे. ठरलेल्या मर्यादेत आले तरच लाइन पास. टार्गेट प्लेट दाक्षिण्य दाखवत नाही, म्हणूनच ती घाईतल्या माणसाला नकोशी असते.

आणि घाई याच टप्प्यावर सगळ्यात जास्त असते. पाया उशिरा झाला, ड्रॉइंग उशिरा आलं, सामान बंदरात अडकलं, हा सगळ्यांचा उशीर शेवटी सफाईच्या दिवसांतून कापला जातो. कंट्रोल व्हॉल्व्ह काढून त्या जागी साधा पाइप बसवायचा आणि मगच फ्लशिंग करायचं, हा नियम साइटवर सगळ्यांना पाठ असतो. तरी व्हॉल्व्ह जागेवर ठेवून पाणी सोडलं जातं आणि वाहून आलेली घाण नेमकी त्याच्या सीटवर बसते.

घाई आणि सोय यांची गाठ पडली की काय होतं, हे 7 फेब्रुवारी 2010 ला अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात दिसलं. मिडलटाउनमध्ये 'क्लीन एनर्जी'चा 620 मेगावॉटचा गॅसवरचा वीजप्रकल्प पूर्णत्वाला आला होता. गॅसच्या पाइपातला कचरा काढण्यासाठी त्यातून जोरात नैसर्गिक वायूच सोडला जात होता. पाइपाचं तोंड आकाशाकडे नव्हतं, ते मोठ्या उपकरणांच्या मधल्या कोंदट जागेत उघडत होतं. वायू तिथे साठला, ठिणगी मिळाली. 6 कामगार गेले, सुमारे 50 जखमी झाले.

ही एखाद्या बेफिकीर माणसाची करामत नव्हती. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळानं नंतर अशा प्रकल्पांची पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी हीच पद्धत वापरल्याचं आढळलं. कारण उघड आहे. गॅस दारात आलेलाच असतो, दाबही तयार असतो, कॉम्प्रेसर भाड्यानं आणावा लागत नाही. त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की नॉर्थ कॅरोलिनातल्या गार्नरच्या खाद्यपदार्थ कारखान्यात जून 2009 मध्ये नव्या पाइपातली हवा गॅसनं ढकलून काढताना तो गॅस इमारतीतच सोडला गेला होता आणि 4 जणांचा जीव गेला होता. त्यावरच्या तातडीच्या शिफारशी या मंडळानं मिडलटाउनच्या स्फोटाआधी अवघे तीन दिवस मंजूर केल्या होत्या. पुढे 2011 मध्ये 'एनएफपीए 56' हे मानक आलं आणि त्यानं ज्वलनशील वायूनं पाइप साफ करण्यावर फुली मारली.

पर्याय आधीही होते. दाबाखालची हवा चालते, वाफ चालते, पाइपातून फिरवायचा पिग चालतो. नायट्रोजनही चालतो, फक्त तो वास न देता, खोकला न आणता माणसाला गुदमरवतो हे विसरता येत नाही. प्रत्येक पर्यायाला पैसे आणि दिवस लागतात. ते पैसे कुठल्या रकान्यातून यायचे, याचं उत्तर करारात नसेल तर साइटवरचा माणूस हाताशी जे आहे ते वापरणार.

ठेकेदार म्हणतील, स्वतंत्र दर लावला तर प्रकल्प महागेल. तो खर्च आजही होतोच, फक्त तो स्टार्टअपच्या महिन्यात पंप उघडण्यावर आणि बंद पडलेल्या उत्पादनावर होतो आणि मालकाच्या खिशातून जातो. मालकाचे इंजिनीअर म्हणतील, आम्ही देखरेख करतो ना! पण त्यांचीही बढती 'किती टक्के काम झालं' यावरच ठरते आणि त्या टक्क्यांत पाइपाचं आतलं अंग धरलेलं नसतं.

म्हणून निविदेत तीन ओळी वाढवाव्यात. एक, प्रत्येक सिस्टिमच्या सफाईला स्वतंत्र बाब आणि स्वतंत्र दर. पैसे टार्गेट प्लेट किंवा तेलाचा नमुना पास झाल्यावरच. दोन, मोजणीच्या दिवशी ज्या स्पूलचं (जोडून तयार केलेल्या पाइपाच्या तुकड्याचं) तोंड उघडं असेल त्याचे जोड त्या महिन्यात धरायचे नाहीत. तीन, सफाईसाठी जळणारा वायू वापरायचा नाही, अपवाद नाही, कुणाच्याही सहीनं नाही.

दुसरी ओळ सगळ्यात स्वस्त आहे आणि तिलाच सगळ्यात जास्त विरोध होईल. कारण तिचा पैसा बिलातून कापला जाईल, आणि बिल हीच साइटवर सगळ्यात काळजीपूर्वक वाचली जाणारी गोष्ट आहे.