रिपन बिल्डिंगसमोरील सवाल

2022 मध्ये आर. प्रिया चेन्नईच्या पहिल्या दलित महिला महापौर झाल्या. सामाजिक न्यायाच्या चळवळीचा तो निःसंशय विजय होता. परंतु ऑगस्ट 2025 मध्ये त्याच महापालिकेने रायपुरम आणि खुद्द महापौरांचा प्रभाग ज्यात मोडतो त्या तिरु-वि-क नगर विभागाची सफाई कंत्राटदाराच्या हवाली केली. बहुतांश दलित, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया असलेले सफाई कामगार पालिकेच्या रिपन बिल्डिंगसमोर 13 दिवस ठाण मांडून बसले. अखेर न्यायालयाच्या आदेशाची ढाल पुढे करून पोलिसांनी मध्यरात्री त्यांना उचलले! शहराचा अग्रक्रम घोषणांनी नव्हे, झाडूवाल्यांच्या वेतनाने ठरतो. काम कायमचे, तर कामगार तात्पुरते का? कंत्राटी पद्धत मोडून काढल्यावाचून सामाजिक न्याय महापौरांच्या खुर्चीपुरताच उरेल.