दगडी गोठ्यांचा हिशेब

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर डेल्स या डोंगराळ प्रदेशात शेताशेतांतून दगडी गोठे उभे आहेत. तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत त्यांची संख्या सुमारे ६,००० भरते. पर्यटक त्यांच्या दर्शनाने लुब्ध होतात; परंतु ते शोभेसाठी बांधलेले नाहीत, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

गोठ्याची रचना हा वस्तुतः वाहतूकखर्चाचा हिशेब होय. कुरणातील गवत वाळवून तेथेच साठवावयाचे, शेजारी चार-सहा गुरे हिवाळाभर बांधावयाची आणि त्यांचे शेणखत त्याच कुरणावर पसरावयाचे. गवत दूर न्यावे लागे ना खत. हेलपाटा पडे तो केवळ शेतकऱ्याला. परिसरातील दगडांच्या दुहेरी भिंती, त्यांचे दोन थर जखडणारे लांब आडवे दगड आणि वर दगडी फरशांचे छप्पर, एवढ्या सामग्रीवर यांतील बहुसंख्य गोठे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत उभे राहिले.

ट्रॅक्टर, मुरघास आणि वस्तीजवळची मोठी शेड आली आणि हा हिशेब मोडला. गोठ्याचा उपयोग संपला, दुरुस्ती मात्र संपली नाही. छपराच्या चार फरशा घसरल्या की पाणी भिंतीच्या पोटात शिरते आणि कालांतराने भिंतच ढासळते.

स्वेलडेल व आर्केनगार्थडेल या खोऱ्यांतील गोठे व बांध १९८९ साली संरक्षित क्षेत्र ठरले. तथापि संरक्षणाचा कायदा पाडण्यास मनाई करू शकतो. फरशी बसवू शकत नाही. गोठ्यांची घरे करावीत, हा दुसरा उपाय. २०१४ साली इंग्लंडमध्ये शेतइमारतींच्या अशा रूपांतराचे नियम सैल झाले, पण राष्ट्रीय उद्याने त्यातून वगळली गेली. ते योग्यच झाले. रस्त्यालगतच्या गोठ्यात कुटुंब राहिल्यास बिघडत नाही. कुरणाच्या मध्यावर मात्र रस्ता, तारा आणि मोटारी आल्या की भिंती वाचतात, पण ज्या दृश्यासाठी त्या वाचवावयाच्या तेच नाहीसे होते.

दृश्याचा लाभ सर्वांना आणि खर्च एकट्या शेतकऱ्याला, ही व्यवस्था टिकणारी नव्हे. १९८७ साली सुरू झालेल्या पेनाइन डेल्स पर्यावरण योजनेने शेतकऱ्याला मोबदला देण्याचे तत्त्व स्वीकारले होते. तेच पुढे न्यावयास हवे. डागडुजीचा पैसा हा शेतकऱ्यावरील उपकार नव्हे; समाजाने घेतलेल्या सेवेची ती किंमत आहे.