आधी ताट की आधी वाट?

दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीची गोष्ट. माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं. मी जळगावला, थोरली ताई धुळ्याला. वर्षभर भेट होवो न होवो, आखाजीला दोघींनी माहेरी यायचंच, हा आमचा नेम. त्या वर्षी अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर आम्ही दोघी एकदम बसलो आणि आई दारातूनच ओरडली, "आते झोका तुटी जाई, माय!"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण रात्री गच्चीवर अंथरुणं टाकल्यावर ताई हळूच म्हणाली, "अगं, थट्टा खरी आहे. माझं वजन अठ्ठ्याहत्तर झालंय. शुगरची गोळी सुरू होऊन वर्ष झालं." माझंही बहात्तर होतं आणि उंची जेमतेम पाच फूट एक इंच. आईच्या पायाचं एक बोट मधुमेहापायी काढावं लागलं, ते आम्ही दोघींनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे हा प्रश्न साडी नीट दिसते की नाही, एवढ्यापुरता नव्हता.

मग वाद सुरू झाला. मी म्हटलं, "आधी चालायला लागायचं. व्यायामाशिवाय काही खरं नाही." ताई म्हणाली, "छे! आधी तोंड बंद. खाणं कमी केल्याशिवाय चालून काय उपयोग?" शेवटी पैज लागली. तिने खाण्यापासून सुरुवात करायची, मी चालण्यापासून. निकाल पुढच्या आखाजीला.

मैत्रिणींनो, त्या पैजेत आम्ही दोघी हरलो! कशा, तेच सांगायचं आहे.

आधी माझं सांगते. मी पहाटे साडेपाचला मेहरूण तलावावर जाऊ लागले. जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्यात सातनंतर चालणं म्हणजे तव्यावर चालणं. चार मैत्रिणी जमल्या. बूट घेतले. सहा महिने एक दिवस खाडा नाही. आणि वजन किती उतरलं? दीड किलो!

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. चालून झालं की आम्ही चौघी टपरीवर थांबायचो. चहा, कधी पोहे, कधी कचोरी. "एवढं चाललोय, आता एक चालतं गं!" साठ-पासष्ट किलोच्या बाईने अर्धा तास मध्यम गतीने चाललं, तर साधारण सव्वाशे कॅलरी खर्च होतात. एका कचोरीत त्याच्या दुप्पट. म्हणजे मी तलावाला घातलेली फेरी टपरीवर परत करून येत होते. एक मात्र कबूल करते. वजन हललं नाही, तरी गुडघे दुखायचे थांबले, झोप चांगली लागू लागली आणि चिडचिड कमी झाली. चालणं वाया गेलं नव्हतं. माझी अपेक्षा चुकली होती.

आता ताईचं. तिने रात्रीचं जेवण बंद केलं. सकाळी एक भाकरी, दुपारी ताक, बस्स. तीन महिन्यांत आठ किलो वजन उतरलं. देवपुरातल्या तिच्या शेजारणी विचारायला येऊ लागल्या. पण केस गळू लागले, जिना चढताना पायात गोळे येऊ लागले. आणि श्रावणातल्या एका सोमवारी ती ओट्यापाशीच कोसळली. शुगरची गोळी घेतलेली, पोटात मात्र काही नाही. शेजारच्या वहिनींनी वेळेवर साखरपाणी दिलं म्हणून निभावलं. डॉक्टर रागावले. "गोळी सुरू असताना मला न विचारता जेवण बंद करायला कुणी सांगितलं?" म्हणाले. त्यानंतर तिने धसका घेतला, पूर्वीसारखं खाऊ लागली आणि संक्रांतीपर्यंत गेलेल्या आठ किलोंपैकी सहा किलो परत आले.

खरं तर हा वाद आमच्या गच्चीवरचा नव्हे, अख्ख्या महाराष्ट्राचा आहे. २०१८-१९ च्या सुमाराचे दिवस आठवा. हळदी-कुंकवात, लग्नाच्या पंगतीत एकच विषय: "तुम्ही दीक्षित की दिवेकर?" डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, उपाशी राहू नका, थोड्या थोड्या वेळाने खा, आपलं घरचं पारंपरिक अन्न खा, तुपाला घाबरू नका. घराघरांत दोन पक्ष पडले. पण गंमत बघा. दीक्षितांच्या सांगण्याचा दुसरा अर्धा भाग होता रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याचा. दिवेकरही व्यायामावर तितकाच भर देतात. लोकांनी दोघांचंही अर्धंच ऐकलं! कुणी "दोनदाच जेवा" एवढं घेतलं, कुणी "तूप खा" एवढं घेतलं. चालायचं मात्र दोन्हीकडच्या लोकांनी सोयीस्करपणे विसरून टाकलं. आमच्या ताईनेही तेच केलं.

मग आधी काय? मला विचाराल तर आधी ताट. निव्वळ हिशेब सांगते, आणि तोही आपल्या स्वयंपाकघरातला. आमच्या चौघांच्या घरात तेलाचा १५ किलोचा डबा तीन महिने पुरायचा. भागाकार करून बघा. माणशी रोजचं सुमारे ४२ ग्रॅम तेल होतं. बैठं काम करणाऱ्या माणसाला आहारतज्ज्ञ साधारण २० ते ३० ग्रॅमच पुरे म्हणतात. तोच डबा चार महिने पुरवला, तर प्रत्येकाचं रोज दहा ग्रॅम तेल कमी होतं, म्हणजे नव्वदहून जास्त कॅलरी. चहाचंही तसंच. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे झाल्या दोनशे कॅलरी. एवढ्या चालून उतरवायच्या तर पाऊण-एक तास हवा. चमचा हातात आवरायला एक क्षणही लागत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी घरातलं तेल १० टक्क्यांनी कमी करा असं आवाहन केलं होतं, तेव्हा मला आपला डबाच आठवला.

आपण खानदेशी माणसं तेलाच्या बाबतीत दिलदार. शेवभाजीवर तर्री हवी, भरितात तेल सुटलेलं दिसायला हवं, बट्टी तुपात बुडायला हवी. आपल्या आज्या हेच खात होत्या आणि काटक होत्या, असं आपण म्हणतो. पण त्या काय करत होत्या तेही आठवू या. बहिणाबाई चौधरींना ओव्या सुचल्या त्या जाते ओढताना, शेतात राबताना. दळण, पाणी, सरपण, कापूस वेचणी. तो काळ सुखाचा होता असं मी मुळीच म्हणणार नाही. कितीतरी बायका अर्धपोटीच राबल्या. पण जातं गेलं, विहीर गेली, मिक्सर आला, नळ आला, आणि तर्री मात्र तेवढीच राहिली.

आता महत्त्वाचं. आधी ताट म्हणजे आधी उपास नव्हे. बचत गटाच्या कामानिमित्त मी वस्त्यांमध्ये जाते, तपासणी शिबिरांत बसते. तिथे एकाच बाईचं वजन जास्त निघतं आणि रक्त कमी निघतं. हे काही आपल्याच वस्तीत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर होतं आणि ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. पोट भरलेलं, पण अंगाला काही लागलेलं नाही! अशा बाईला "कमी खा" एवढंच सांगणं म्हणजे आजारावर आजार देणं आहे.

आणि बाई खाते तरी कधी? सगळ्यांचं झाल्यावर. भाजी संपलेली, वरण तळाशी. मग दोनच्या जागी तीन पोळ्या, चटणी-लोणचं आणि वर मुलाच्या ताटातला उरलेला भात, "अन्न वाया नको जायला." वाया जाऊ नये म्हणून आपण ते कुठे टाकतो? स्वतःच्या पोटात! आमच्या गटातल्या एका मावशी म्हणाल्या, "ताई, मन्हा पाय दुखतस, मी काय चालू?" मी म्हटलं, "मावशी, चालू नका अजून. पंधरा दिवस फक्त सगळ्यांसोबत जेवायला बसा."

म्हणून माझा क्रम असा. पहिले पंधरा दिवस चालायचा आग्रह नाही. फक्त चार गोष्टी करायच्या. घरच्यांसोबत वेळेवर बसायचं आणि उरलेलं संपवायचं काम सोडायचं. चहातली साखर निम्मी करायची. तेलाच्या डब्यावर आणल्याची तारीख लिहून ठेवायची. आणि ताटात आधी वरण, उसळ, दही किंवा अंडं आणि भाजी वाढायची, भाकरी-पोळी नंतर. आपली कळण्याची भाकरी तर यासाठीच केलेली वाटते. ज्वारीसोबत उडीद येतो, म्हणजे प्रथिनं भाकरीतच मिळतात. त्यावर तेलाची धार तेवढी नको.

तिसऱ्या आठवड्यापासून मात्र वाट धरायचीच. इथे सवलत नाही. नुसतं खाणं कमी करून वजन उतरतं तेव्हा चरबीसोबत स्नायूही झिजतात. ताईच्या पायातलं बळ असंच गेलं. चाळिशीनंतर गेलेले स्नायू सहजी परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम गतीची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. त्यासाठी जिम लागत नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा ऊठ-बस करा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला. अमेरिकेत १९९४ मध्ये एक नोंदवही सुरू झाली, चांगलं तेरा-चौदा किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवणाऱ्यांची. त्यांतल्या बहुतेक सगळ्यांनी खाणं बदललेलं आढळलं, आणि दहातले नऊ जण रोज सरासरी तासभर हालचाल करत होते. म्हणजे वजन उतरवतं ताट, आणि उतरलेलं टिकवते वाट.

ज्यांना शुगरची, रक्तदाबाची गोळी सुरू आहे त्यांनी ताटाला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं. थायरॉइडही तपासून घ्यावं. आणि वजनकाटा नसेल तर शिवणाची टेप काढा. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेला की सावध व्हायचं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या अभ्यासात देशात मधुमेही दहा कोटींवर असल्याचा अंदाज आहे. त्यातलं एक नाव आपलं नको.

शेवटची गोष्ट घरातल्या माणसांसाठी. मी तेल कमी केलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, भाजीला तर्रीच नाही." हे म्हणाले, "तुझं डाएट तुझ्यापुरतं ठेव ना." आठवडाभर मी दोन भाज्या केल्या, माझी वेगळी, त्यांची वेगळी. दमून गेले. मग एक दिवस सांगून टाकलं, "भाजी एकच होईल. शेवभाजी रविवारी." दोन दिवस तोंडं वाकडी झाली, तिसऱ्या दिवशी सवय झाली. एकट्या बाईचं डाएट टिकत नाही. तिला वेगळं शिजवावं लागतं आणि दमली की ती पहिलं काय सोडते? स्वतःचंच. पहाटे ती चालायला जाते तेव्हा चहा कुणीतरी टाकला पाहिजे, डबा कुणीतरी भरला पाहिजे. आमच्याकडे आता चहा हे टाकतात. साखर जरा जास्तच पडते, पण मी बोलत नाही.

ताई आणि मी मागच्या आखाजीला पैज मोडून टाकली आणि दोघींनी एकच क्रम धरला. ती आता देवपुरातून एकवीरा देवीच्या मंदिरापर्यंत रोज चालत जाते-येते. खिशात गूळ-शेंगदाण्याची पुडी असते, डॉक्टरांनी सांगितलेली. वर्षभरात तिचे पाच किलो उतरले, माझेही पाच. फार नाहीत. पण परतही आले नाहीत.

यंदाच्या आखाजीला खापरावरची पुरणपोळी होतीच. ती एवढी मोठी की एकच पुरते. आम्ही एकेकच खाल्ली, वरून थोडं तूप, सोबत रस. फरक एवढाच, की यंदा दोघी पहिल्या पंगतीला बसलो. आणि वाढायला उभ्या राहिलेल्या आईचा हात धरून तिलाही मध्ये बसवलं.